फक्त फोटो नको

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा पुतळा मी पाहिला आहे, आणि अध्यक्ष अजून हयात आहेत. पुतळा फायबरचा होता, खऱ्या अध्यक्षांपेक्षा बराच सडपातळ. त्याच्या उजव्या हातात जेवणाचं ताट होतं आणि कोपरात गाडीच्या वायपरची मोटर बसवली होती. बटण दाबलं की ताट पुढे जायचं, समोर बसलेल्या कुटुंबापर्यंत पोचायचं आणि तसंच मागे यायचं. द्यायचं, काढून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी मंडपात उभा राहून मी ते ताट पाहत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. त्या गणपतीत मी हसलो तो तेवढाच.

ताटासमोर बसलेलं कुटुंब, म्हणजे आई, बाप आणि मुलगी, हेही फायबरचं होतं. खरं कुटुंब माझ्या पुढे, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलं होतं. ते आमच्याच चाळीत, पहिल्या मजल्यावर राहतं. ते कुठल्या देशातून आलं हे मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या गावाचं नाव मी एकदा लाउडस्पीकरवरून सांगितलेलं आहे, तेवढं पुरे झालं.

आमच्या काळाचौकीपासून परळची इस्पितळं जवळ, त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांना खोली भाड्याने देणं हा इकडचा जुना जोडधंदा. पहिल्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीचे मालक डोंबिवलीला राहायला गेले, तेव्हापासून त्या खोलीत कुठून कुठून आलेली माणसं राहून गेली. आम्ही त्यांच्याशी फारसं बोलत नसू. इस्पितळातून परत येणाऱ्या माणसाला काय विचारायचं हे कुणालाच नीट कळत नाही. आम्ही आपले बादलीभर पाणी जास्त भरून ठेवायचो आणि तोंड फिरवून गॅलरीत जागा द्यायचो.

हे कुटुंब तसंच आलं. नवऱ्याचे वडील आजारी होते. बरोबर मुलगा, सून आणि नात. उपचार चालू असताना तिकडे त्यांच्या देशात राज्य उलटलं. त्यांच्या खोलीत टीव्ही नव्हता. आमच्या टीव्हीवर बातमी लागली तेव्हा ती दोघं नवराबायको गॅलरीत येऊन आमच्या दारातून पाहत उभी राहिली. मी रिमोट हातात घेतला होता, मला क्रिकेट पाहायचं होतं. बायकोने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि त्यांना म्हणाली, "आत या ना." भाषा कळत नसताना ती दोघं आत आली आणि जमिनीवर बसून स्वतःचं शहर पाहू लागली.

पुढे म्हातारे गेले. त्यांना त्यांच्या रीतीप्रमाणे निरोप द्यायचा तर कुठे, कोणाला विचारायचं, कागद कुठले लागतात, यातलं त्या नवऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मंडळाच्या मुलांनी ते सगळं केलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल पुढे की ताशा पुढे यावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्यांनी त्या दिवशी एक शब्द न बोलता खांदा दिला. अध्यक्ष स्वतः सगळ्यात मागे, हातात सगळ्यांच्या चपलांची पिशवी घेऊन चालत होते. कुणी भाषण केलं नाही. मी आयुष्यभर एका वाचनालयात नोकरी केली, माणुसकीवरची पुष्कळ पुस्तकं लोकांना देऊन परत घेतली, पण ती गोष्ट कपाटाबाहेर चालताना मी त्या दिवशी पाहिली.

मग परत जाणं शक्य नाही हे स्पष्ट झालं आणि चाळीची मिटिंग बसली. त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न निघालाच. तो कुणी काढला हेही लिहीत नाही. त्यावर आमच्या शेजारची सिस्टर उभी राहिली. ती पालिकेच्या इस्पितळात नर्स आहे, म्हणून सगळ्यांची सिस्टर. रविवारी सकाळी तिच्या घरातून बुद्धवंदना ऐकू येते आणि इतर वारी तिच्या मुलांना घातलेल्या शिव्या. मिटिंगमध्ये ती सहसा बोलत नाही.

"म्हातारबाबांना खांदा देताना विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली. "मग आता कशाला नाकं मुरडताय? मला ड्युटीवर जायचंय. काय ते ठरवा पटकन."

ठरलं. डोंबिवलीच्या मालकांनी भाडं उतरवलं. कुणी गादी दिली, कुणी शेगडी. सिस्टरने पालिकेच्या शाळेत बाईंच्या डोक्यावर बसून मुलीला प्रवेश मिळवला. अध्यक्षांनी नवऱ्याला लोअर परळच्या एका गाळ्यात कपड्यांच्या पॅकिंगचं काम लावून दिलं. तिकडे तो मोठ्या कचेरीत अधिकारी होता. इकडे तो शर्टांच्या कॉलरमध्ये पुठ्ठे घालू लागला आणि पहिल्या आठवड्यात आम्हाला प्रत्येकाला एक एक पुठ्ठा, मुलांना चित्रं काढायला म्हणून, देऊन गेला. त्याच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

आणि त्या मिटिंगच्या शेवटी त्याची बायको बोलली. तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. सिनेमातून शिकलेल्या हिंदीत ती म्हणाली, "सब का शुक्रिया. एक ही बात. फोटो नहीं. प्लीज. फोटो नहीं, बस."

का, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. अध्यक्षांनी जागेवरच फर्मान काढलं. "ऐकला ना सगळ्यांनी? ह्या लोकांचो फोटो कोणी काढूचो नाय. फेसबुक नाय, स्टेटस नाय. काढलो तर माझ्याशी गाठ आसा."

एरवी अध्यक्षांचं फर्मान म्हणजे जिन्यात थुंकू नका या पाटीसारखं. हे मात्र सगळ्यांनी पाळलं. हळदीकुंकू असो, दहीहंडी असो, कुणाचं बारसं असो, फोटोची वेळ आली की तिच्या हातात मोबाइल दिला जायचा. पुढच्या दोन वर्षांतले आमच्या चाळीचे सगळे फोटो तिने काढलेले आहेत. ती एकातही नाही. आणि फोटो चांगले आहेत. आमच्यातल्या कुणालाही कधी सगळ्यांची डोकी चौकटीत बसवता आली नव्हती.

माझ्याकडे ती दुपारी मराठी शिकायला यायची. चाळीत मला मास्तर म्हणतात. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण चष्मा आहे आणि पेन्शन आहे, त्यामुळे म्हणतात. ती मात्र मुलीचं ऐकून मला काका म्हणायची. आम्ही पुस्तक लवकरच बाजूला ठेवलं आणि नुसत्या गप्पा मारू लागलो, कारण ती म्हणाली, "पुस्तकातली बाई नेहमी बाजारात जाते. मला बोलायचंय."

नवी भाषा शिकणारा माणूस स्वतःच्या घराबद्दल बोलतो, दुसरं बोलणार काय? माझं घर. माझे वडील. आमच्या अंगणात एक झाड आहे. होतं. असं करत करत एका दुपारी तिच्या बोलण्यात धाकटी बहीण आली. ती तिकडेच होती. मुलींच्या शाळा बंद झाल्यावर तिने घराच्या मागच्या खोलीत शेजारपाजारच्या मुलींना जमवून शिकवणं सुरू केलं होतं. मुली पिठाच्या डब्यात वह्या लपवून आणायच्या.

"कोणाला माहीत नाही," ती म्हणाली. "फोटोत मी दिसले, तर कोणी विचारणार, ही कोण, हिची बहीण कुठे. म्हणून फोटो नको." मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं. इकडे फक्त तुम्हाला माहीत."

मी मान डोलावली. मला आठवतं, तिचं ते वाक्य एकदाही न अडखळता आलं याचं मला कौतुक वाटलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ती लाजून हसली.

आमच्या मंडळाचे देखावे हा माझा जुना विषय. हलत्या पुतळ्यांचे, भारदस्त आवाजातल्या निवेदनाचे हे देखावे मी वर्षानुवर्षं गॅलरीत उभा राहून सोलून काढत आलो होतो. एका वर्षी पर्यावरणाचा संदेश देण्यासाठी थर्माकोलचं जंगल उभारलं होतं. एका वर्षी व्यसनमुक्तीच्या देखाव्यातल्या दारुड्याच्या पुतळ्यासमोर कार्यकर्ते रोज संध्याकाळी तंबाखू मळत बसायचे. माझ्या टिप्पण्या चाळीत फिरायच्या, अध्यक्षांपर्यंत पोचायच्या, आणि ते मला जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय मास्तर, यंदा किती मार्क?"

तर त्या वर्षी ते माझ्याकडे आले. हातात नारळ.

"मास्तर, बाहेरून बोलण्यापेक्षा यंदा तुमीच लिवा," ते म्हणाले. "विषय आपल्याच घरचो आसा. तुमच्या मजल्यावरचा कुटुंब. चाळीने कसो आधार दिलो. कोणी असो विषय घेतलेलो नाय आजपर्यंत. स्पर्धेचे परीक्षक रडतले."

मी म्हणालो, "अहो, त्यांनी फोटो नको म्हटलं होतं."

"फोटो खंय? पुतळे."

यावर मी हसलो. मला तो युक्तिवाद वकिली वाटला आणि म्हणून आवडला. घरी जाऊन बायकोला सांगितला. ती कुकर लावत होती. तिने झाकण तसंच हातात धरून विचारलं, "तिला विचारलंत का?"

"सरप्राइज आहे. मंडळाला पडदा उघडताना त्यांना समोर बसवायचंय."

"पुतळ्याचं सरप्राइज," ती म्हणाली आणि झाकण लावलं. माझ्या लिहिण्याला हरकत घ्यायची नाही हा आमच्या संसारातला जुना करार, आणि त्याचा फायदा नेहमी मलाच झालेला आहे.

मला सांगायचंय ते हे, की मी भोळेपणाने लिहिलं नाही. भपक्याच्या विरोधात मी चाळीस वर्षं होतो, पण तो विरोध भपक्याने मला विचारलं नव्हतं तोवरचा निघाला. मी तीन दिवस बसून लिहिलं. पहिला मसुदा चांगला होता, संयमी होता, आणि सपाट होता. गादी, शेगडी, शाळेचा प्रवेश. यात कुणाचा श्वास अडकणार? कुठेतरी एक खरा, टोकदार तपशील हवा होता. मी वाचक आहे, मला कळतं कशाने लेखन उभं राहतं. तो तपशील माझ्याकडे होता. मी गावाचं नाव घातलं, कारण नावाने वजन येतं. आणि मग वाक्य लिहिलं: त्या गावात, एका मागच्या खोलीत, या माउलीची धाकटी बहीण आजही मुलींना शिकवते आहे, आणि त्या मुलींच्या वह्या पिठाच्या डब्यात लपलेल्या आहेत.

लिहिताना ती दुपार मला आठवत नव्हती असं मी म्हणणार नाही. आठवत होती. मी स्वतःला सांगितलं, काळाचौकीच्या गणपतीतलं मराठी निवेदन तिकडे कोण ऐकायला बसलंय?

दादरला एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. ठरलेला निवेदक आला नाही, म्हणून मीच वाचलं. डब्यातल्या वह्यांचं वाक्य आलं तेव्हा काचेपलीकडचा मुलगा चहाचा ग्लास ओठांपाशी धरून थांबला. अध्यक्षांनी रुमाल काढला. आयुष्यात प्रथमच माझ्या लेखनाने कुणीतरी रडत होतं. येताना टॅक्सीत मी खिडकीबाहेर पाहत होतो, आणि शिवाजी पार्कावरून जाताना मला वाटलं की इतकी वर्षं मी उगाच वाचत बसलो, लिहायला हवं होतं.

मंडळाच्या बायकांनी फॅन्सी ड्रेसच्या नावाखाली त्यांच्या मुलीचा एक फ्रॉक मागून नेला. तिकडून आणलेला, तिचा लाडका. मापाला हवा होता म्हणाल्या. पण मापाचं पुढे काही झालं नाही, तोच फ्रॉक फायबरच्या मुलीला घातला.

पहिल्या संध्याकाळी आरती झाली. कुटुंबाला पहिल्या रांगेत बसवलं, नवऱ्याला शाल, बायकोला नारळ. मुलगी मधल्या खुर्चीवर पाय हलवत होती. पडदा सरकला, दिवे लागले, ताट पुढे जाऊन मागे आलं, आणि मी हसलो, ते वर सांगितलं आहे. मग माझा आवाज सुरू झाला. स्वतःचा आवाज लाउडस्पीकरवर ऐकणं वाईटच, पण मला तो त्या क्षणी भारदस्त वाटला.

"आई, माझा फ्रॉक!" मुलगी मराठीत ओरडली. आता ती मराठीतच ओरडते. सगळे हसले, तीही हसली. मग तिने फ्रॉकमधल्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, शेजारच्या बाईच्या पुतळ्याकडे पाहिलं. मूर्तिकार चांगला होता. महिनाभर तो मंडळाच्या कामाच्या निमित्ताने चाळीत येऊन जात होता. पुतळ्यातल्या बाईच्या हनुवटीवर, मुलीच्या आईला आहे तिथेच, बारीक खूण होती. मुलीने पाय हलवायचे थांबवले.

मागे गर्दीत सगळ्यांचे मोबाइल वर गेले होते. तिचा फोटो कुणीही काढत नव्हतं. तेवढं वचन त्या क्षणीही सगळ्यांनी पाळलं. सगळे पुतळ्याचा काढत होते.

गावाचं नाव आलं तसा नवरा अर्धवट उठला. शाल खाली पडली. मग ते वाक्य आलं. तिला तोवर मराठी चांगलं समजायला लागलं होतं, मीच शिकवलं होतं. तिने पुतळ्यांकडे पाहिलं नाही. ती खुर्चीत वळली आणि गर्दीत मला शोधू लागली. मी जागचा हललो नाही. सापडलो.

बाकीचे डोळे पुसत होते. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "मास्तरांनी काय लिहिलंय राव!"

निवेदन दर काही मिनिटांनी पुन्हा लागायचं. मंडप त्यांच्या खिडकीखालीच. मी घरी आलो, दार लावलं, तरी माझा आवाज येत होता. बायको ताट वाढत होती. तिसऱ्यांदा पिठाचे डबे आले तेव्हा तिने विचारलं, "हे तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"लिहा म्हणून?"

मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

सकाळी मुलीची आई दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. बाजारातून आली होती, पिशवी खांद्यावर तशीच.

"सर," ती म्हणाली, "ते वाक्य काढा."

सर हा शब्द मी तिला शिकवला नव्हता.

"काढतो. लगेच काढतो. मला वाटलं होतं की..."

"काय वाटलं?"

मला जे वाटलं होतं ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. टॅक्सीत जे वाटलं होतं ते तर नाहीच.

"काल रात्री तिला फोन केला," ती म्हणाली. "सांगितलं, सांभाळ. का सांभाळ, ते कसं सांगू? एका काकांना मराठी शिकताना सांगितलं, असं सांगू?"

सिस्टर ड्युटीवर निघाली होती. ती गॅलरीत थांबली, दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मास्तर, मला वाटलं हा अध्यक्षांचा घोळ. आज घोळ घालायची पाळी तुमची होय?" मग तिचा हात धरून तिला स्वतःच्या खोलीत घेऊन गेली. ड्युटीला त्या दिवशी ती उशिरा गेली.

मी अध्यक्षांकडे गेलो. वाटेत मी वादाची तयारी करत होतो. परीक्षक परवा येणार होते, मंडळाचे पैसे खर्च झाले होते, ते वाक्य म्हणजे देखाव्याचा जीव. अध्यक्ष ऐकणार नाहीत, मी त्यांना सुनावीन, आणि कदाचित त्या सुनावण्यात मला माझी जागा परत मिळेल. खरं सांगायचं तर ते ऐकू नयेत अशी माझी इच्छा होती.

ते मंडपामागे मोटरला तेल घालत होते. मी सांगितलं. त्यांनी उकिडवं बसल्या जागी तेलाची बाटली खाली ठेवली.

"खराच आसा ता?" ते म्हणाले. "आमका वाटला, तुमी रचलात."

"नाही. खरं आहे."

"म्हणान त्यांका फोटो नको होतो?"

"हो."

"तुमका ठावक होता. आणि तुमी ता माईकवर सांगलात?"

ते उठले, हात पुसले आणि मेन स्विच खाली केला. गणपतीवरचे दिवेसुद्धा गेले. दोन मुलं धावत आली, "काय झालं, फ्यूज उडाला?" अध्यक्षांनी देखाव्याचा पडदा स्वतः ओढला. "देखावो बंद," ते म्हणाले. "गणपतीची लाइन वेगळी करा. ह्या कोणी उघडूचा नाय." मुलांनी परीक्षकांचं विचारलं. अध्यक्षांनी परीक्षकांबद्दल जे सांगितलं ते छापता येणार नाही.

मग ते चाळीत दारोदार गेले. "मोबाइल बघू." प्रत्येकाच्या समोर उभं राहून व्हिडिओ पुसायला लावला. शेजारच्या चाळींत गेले, लालबागला त्यांचा पुतण्या राहतो तिथेही गेले. ज्या माणसाला मी इतकी वर्षं हार-तुऱ्यांचा शौकीन म्हणून हिणवलं, तो चपला झिजवत माझं वाक्य पुसत फिरत होता. मी बरोबर येतो म्हणालो. "नको," ते म्हणाले, "तुमी घरी बसा, मास्तर." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पण एक संध्याकाळ लोकांनी पाहिलं होतं, आणि आमच्याकडे गणपती पाहायला सगळी मुंबई येते. कुठल्यातरी मुलीच्या रीलमध्ये माझा आवाज लागला. तिने खाली भाषांतरही घातलं होतं. सद्भावनेने. माझ्यासारखंच.

अनंत चतुर्दशीच्या आधी ती मला जिन्यात भेटली. हातात पाण्याची बादली होती. मी बादली घ्यायला हात पुढे केला, तिने दुसऱ्या हातात घेतली.

"तिचा फोन आला," ती म्हणाली. "ती ठीक आहे."

मी काहीतरी बोललो, देवाची कृपा वगैरे, जे मी कधी बोलत नाही.

"वर्ग बंद केला," ती म्हणाली. "मुली घरी गेल्या." आणि वर निघून गेली.

एवढंच झालं. कुणी पकडलं गेलं नाही, कुणाला मारलं नाही. एका खोलीतल्या मुली घरी गेल्या. रील तिथपर्यंत पोचली म्हणून वर्ग बंद झाला, की मोठ्या बहिणीच्या आवाजातल्या भीतीने, की तो तसाही होणारच होता, हे मला माहीत नाही. तसाही होणारच होता असं मानायची सोय आहे, पण ती माझ्यासाठी नाही.

पुतळे मंडळाच्या गोदामात गेले. पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या पुतळ्याला पांढरा कोट घालून डॉक्टर केलं, ताटाच्या जागी औषधाची बाटली. हात अजून तसाच पुढे जाऊन मागे येतो. बाई, बाप आणि मुलगी यांचे पुतळे अध्यक्षांनी स्वतः उभं राहून फोडायला लावले. फ्रॉक धुऊन, इस्त्री करून परत गेला. मुलीने तो पुन्हा घातला नाही.

आम्ही त्यांना आधार दिला, हे अजून खरं आहे. नवरा आता गाळ्यात सुपरवायझर आहे. मुलगी मराठी निबंधात वर्गात पहिली येते. मंडळाच्या वर्गणीची पावती त्यांच्या नावाने फाटते आणि मुलीची आई घासाघीसही करते, बाकीच्या चाळीसारखीच. फक्त फोटो काढायची वेळ आली की कुणी तिच्या हातात मोबाइल देत नाही. लाज वाटते सगळ्यांना. आमची डोकी पुन्हा चौकटीबाहेर जायला लागली आहेत.

जवळजवळ वर्षभराने ती पुन्हा शिकायला आली. नोकरीसाठी मराठी नीट लिहिता यायला हवं होतं, आणि सिस्टरला शिकवायला वेळ नव्हता. खुर्चीवर बसून ती म्हणाली, "या वेळी तुम्ही बोला, सर. मी ऐकून लिहिते."

"काय बोलू?"

"तुमच्या घरचं. तुम्हाला भाऊ आहे? बहीण?"

मला बहीण आहे, गिरगावात राहते. काळाचौकीहून गिरगाव फार दूर नाही, पण मी तिकडे बऱ्याच वर्षांत गेलेलो नाही. का, ते मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी ते सांगितलं. सांगताना मध्येच मला जाणवलं की समोरचं माणूस लिहून घेतंय, आणि मी वाक्य अर्धंच सोडलं. तिने पेन खाली ठेवलं. "हे नाही लिहीत," ती म्हणाली. "बोला."

त्याला बरेच महिने झाले. ती गोष्ट चाळीत कुठेही फिरलेली नाही. मी कान देऊन असतो, म्हणून सांगतो.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. या वेळी विचारलं. ती दारात मेथी निवडत बसली होती. तिने हातातली जुडी संपवली.

"बहिणीचं लिहिलं तर चालेल," ती शेवटी म्हणाली. "ती आता तिथे नाही. पण गाव नको."

"नाही. गाव नाही, देशही नाही."

"आणि सर, गिरगावचं? तेही लिहिणार?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.